डॉ. ॲना किंग्सफर्ड : उघडलेलं दार आणि बंद मूठ

गांधींची आत्मकथा वाचताना एक नाव बहुतेकांच्या नजरेतून निसटतं. लंडनमध्ये बॅरिस्टरीचा अभ्यास करताना ज्या पुस्तकांनी आपला शाकाहार पक्का केला, त्यांची नावं गांधी देतात. त्यांत डॉ. ॲना किंग्सफर्ड या बाईंचं आहारावरचं पुस्तक आहे. पुढे १८९४ साली दक्षिण आफ्रिकेत हेच गांधी नाताळमधल्या वर्तमानपत्रातून याच बाईंच्या आणि त्यांचे सहकारी एडवर्ड मेटलँड यांच्या पुस्तकांचा प्रचार करत होते. सहीखाली ते स्वतःला ‘एसॉटेरिक ख्रिश्चन युनियन’चा एजंट म्हणवत होते. एसॉटेरिक म्हणजे गूढ, गुह्य, निवडक लोकांसाठी राखून ठेवलेलं.

या किंग्सफर्ड बाई कोण? आणि एकोणिसाव्या शतकातल्या एका इंग्रज डॉक्टरणीच्या चरित्राशी आम्हा आंबेडकरवाद्यांचं देणंघेणं काय?

आमचं उत्तर असं : या बाईंच्या एकाच आयुष्यात दोन दारं आहेत. एक त्यांनी लढून उघडलं. दुसऱ्याच्या आत त्या स्वतःहून गेल्या आणि तिथंच राहिल्या. पहिल्या दारापाशी त्या आमच्या वाटतात. दुसऱ्या दारापाशी आम्हाला थांबून विचार करावा लागतो. कारण त्या दाराआडची विचारसरणी भारतात आली, तेव्हा ती जातीच्या बाजूला सहज जाऊन बसली.

हजेरीत नाव नसलेली विद्यार्थिनी

ॲना यांचा जन्म १६ सप्टेंबर १८४६चा, लंडनजवळच्या स्ट्रॅटफर्डचा. वडील जॉन बोनस श्रीमंत व्यापारी होते. त्यांच्या पश्चात ॲनाला स्वतःचं वार्षिक उत्पन्न मिळालं. १८६७मध्ये त्यांनी आपल्या नात्यातल्याच अल्जर्नन किंग्सफर्ड याच्याशी लग्न केलं. तो पुढे अँग्लिकन चर्चचा पाद्री झाला, आणि ॲना मात्र थोड्याच वर्षांत कॅथलिक झाल्या. पाद्र्याची बायको दुसऱ्या पंथात जाते, यावरूनच या बाईंचा स्वभाव लक्षात यावा. १८७२मध्ये त्यांनी बायकांसाठीचं एक साप्ताहिक विकत घेतलं आणि स्वतः चालवलं. स्त्रियांचे हक्क आणि प्राण्यांवरच्या प्रयोगांना विरोध हे विषय त्यांनी त्यात आणले.

मग त्यांनी ठरवलं की डॉक्टर व्हायचं. त्या काळी इंग्लंडमध्ये ते जवळपास अशक्य होतं. एडिंबरामध्ये सोफिया जेक्स-ब्लेक आणि त्यांच्या मैत्रिणींना विद्यापीठाने शिकू दिलं, पण पदवी नाकारली. १८७४मध्ये लंडनला बायकांसाठी वेगळी वैद्यकीय शाळा निघाली, पण त्या शाळेच्या विद्यार्थिनींची परीक्षा घ्यायला तेव्हा कुठलीच संस्था तयार नव्हती. ज्ञान देऊ, प्रमाणपत्र देणार नाही. हा खेळ आमच्या परिचयाचा आहे. म्हणून त्याच वर्षी ॲना पॅरिसला गेल्या. तिथल्या वैद्यकीय विद्यापीठाने काही वर्षांपूर्वीच बायकांना प्रवेश दिला होता.

प्रवेश मिळाला म्हणजे मान मिळाला असं नाही. पॅरिसच्या शारिते रुग्णालयात घडलेला एक प्रसंग त्यांनी नवऱ्याला पत्रातून कळवला होता. शंभरेक पुरुष विद्यार्थी आणि त्यांच्यात ही एकटी बाई. वरिष्ठ डॉक्टरने सगळ्यांची नावं लिहून घेतली, हिचं सोडून, आणि वही मिटली. ॲना पुढे होऊन शांतपणे म्हणाल्या की माझंही नाव घ्या. त्यावर तो खेकसला की तू ना पुरुष ना बाई, तुझं नाव मी लिहिणार नाही. भोवती उभ्या असलेल्या पुरुषांपैकी कुणी काही बोललं नाही.

वही मिटणारा तो हात आम्ही ओळखतो. वर्गाबाहेर बसवलेल्या, पाण्याच्या माठाला हात लावू न दिलेल्या पोरांची पोरं आम्ही आहोत. म्हणून हा प्रसंग आम्हाला परका वाटत नाही. फरक आहे, आणि तो सांगायलाच हवा. ॲना यांच्याकडे पैसा होता, गोरी कातडी होती, एक शहर बंद झालं तर दुसऱ्या देशात जाण्याची सोय होती. आमच्या आजोबा-पणजोबांकडे यातलं काही नव्हतं. पण अपमान सोसून, आजारी शरीर ओढत, सहा वर्षांनी १८८०मध्ये त्यांनी डॉक्टरकीची पदवी घेतलीच. शरीर खरोखर आजारी होतं. दम्याने त्यांना आयुष्यभर छळलं. तरीही त्यांनी एक अट सोडली नाही. शिक्षणात एकाही प्राण्यावर प्रयोग न करता पदवी मिळवायची. प्रबंधाचा विषय होता माणसाचा शाकाहार. त्याचंच इंग्रजी रूप म्हणजे १८८१ मध्ये आलेलं ‘द परफेक्ट वे इन डाएट’. गांधींनी वाचलं ते हेच.

हे आठवायला हवं की याच दशकात आपल्याकडे आनंदीबाई जोशी अमेरिकेत गेल्या, १८८६मध्ये डॉक्टर झाल्या आणि पुढच्याच वर्षी वारल्या. आणि रखमाबाई, ज्यांनी बालपणी लादलेलं लग्न नाकारून कोर्टात झुंज दिली आणि टिळकांसारख्यांचा रोष ओढवून घेतला, त्या पुढे लंडनच्या त्याच बायकांच्या शाळेत शिकून डॉक्टर झाल्या. ज्ञानाचं दार आतून कडी घातलेलं होतं, लंडनमध्येही आणि मुंबईतही. ते ज्यांनी ज्यांनी ढकललं, त्या सर्वांना आमचा मानाचा जय भीम.

करुणा आणि शाप

पॅरिसमध्ये शिकत असताना ॲना यांच्या कानावर प्रयोगशाळेतल्या कुत्र्यांचं विव्हळणं पडायचं. त्या काळी भुलीशिवाय जिवंत जनावर फाडून विद्यार्थ्यांना शरीर शिकवलं जाई. क्लोद बर्नार हा फ्रान्सचा थोर शरीरशास्त्रज्ञ या पद्धतीचा अग्रणी होता. ही क्रूरता पाहून बाईंचं मन पेटलं, यात काही चूक नाही. प्राणिप्रयोगविरोधी चळवळीतले लोक आणखी एक गोष्ट सांगत होते, ती आजही विचार करण्यासारखी आहे. ज्याला जनावराच्या वेदनेची सवय झाली, तो उद्या धर्मादाय रुग्णालयातल्या गरीब रुग्णाकडेही प्रयोगाचं सामान म्हणूनच बघेल. सरकारी दवाखान्यात कुणाच्या शरीरावर शिकलं जातं आणि त्या शिक्षणाचा फायदा पुढे कुणाला होतो, हे आमच्या वस्त्यांना विचारा.

पण इथून पुढे वाट बदलते. फेब्रुवारी १८७८मध्ये क्लोद बर्नार वारला. ॲना यांची खात्री झाली की आपण संतापाने आपली सगळी मनःशक्ती त्याच्यावर सोडली आणि त्यामुळेच तो मेला. पुढे पॉल बेर या दुसऱ्या शास्त्रज्ञावर त्यांनी हाच ‘प्रयोग’ चालवला. तो १८८६मध्ये हनोईत, फ्रेंच वसाहतीचा कारभारी असताना वारला. तेव्हाही बाईंनी श्रेय स्वतःकडे घेतलं. तिसरं नाव होतं लुई पाश्चर यांचं. पाश्चर आजारी पडले, पण त्यानंतरही ते काही वर्षं जगले आणि १८९५मध्ये गेले.

हे आम्ही कुणाच्या टवाळीसाठी सांगत नाही. मेटलँड यांनी लिहिलेल्या चरित्रात बाईंच्या स्वतःच्या नोंदींसह हे छापलेलं आहे. विचार करा, सहा वर्षं शरीरशास्त्र शिकलेली, परीक्षकांसमोर प्रबंध राखलेली डॉक्टर म्हणते की माझ्या शापाने माणूस मेला. आमच्या गावांत हेच कुणी बोललं की त्याला आम्ही करणी म्हणतो, भानामती म्हणतो. महाराष्ट्रात २०१३पासून त्याविरुद्ध कायदा आहे, आणि तो यावा म्हणून झटणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांना त्याच वर्षी जीव गमवावा लागला. युरोपात शिकलेली करणी आणि खेड्यातली करणी यांत आम्ही फरक करत नाही.

आणि शापाने प्राण्यांचं काय भलं झालं? काहीच नाही. प्राण्यांचे हाल थोडे तरी कमी झाले ते कायद्याने. इंग्लंडमध्ये १८७६ साली प्राण्यांवरील प्रयोगांना परवान्याचं बंधन घालणारा कायदा झाला. तो अपुरा होता, पण त्यावर संसदेत उघड वाद झाला. भारतात १९६०च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्यात प्रयोगांवर देखरेखीची तरतूद आहे. करुणा जेव्हा संघटना, पुरावा आणि कायदा यांची वाट धरते तेव्हा ती जगात काही बदलते. शापाची वाट धरते तेव्हा ती शाप देणाऱ्यालाच पोखरते. १८८६च्या नोव्हेंबरात ॲना पाश्चर यांच्या प्रयोगशाळेकडे जाताना पावसात भिजल्या, न्यूमोनिया झाला, त्यातून क्षय बळावला. २२ फेब्रुवारी १८८८ रोजी, वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी, त्या गेल्या.

पाश्चर तेव्हा कशावर काम करत होते, तेही नोंदवू. पिसाळलेल्या कुत्र्याच्या चाव्यावरची लस. १८८५मध्ये ती पहिल्यांदा एका मुलाला दिली गेली. ती प्राण्यांवरच्या प्रयोगांतून आली, हे खरं. बाईंनी तिला कडाडून विरोध केला, हेही खरं. आज आमच्या वस्तीतलं पोर कुत्र्याने चावलं तर त्याला वाचवते ती त्याच लसीची पुढची पिढी. या प्रश्नाला सोपं उत्तर नाही आणि आम्ही ते असल्याचा आव आणत नाही. पण लस टोचायची की मनःशक्ती लावायची, एवढ्या प्रश्नाचं उत्तर मात्र सोपं आहे.

दृष्टांतांचा धर्म

पदवी मिळाल्यावर बाईंनी लंडनमध्ये दवाखाना सुरू केला. पण मन दुसरीकडेच होतं. त्यांना झोपेत आणि समाधीसारख्या अवस्थेत दृष्टांत होत. मेटलँड ते टिपून घेत. त्यातून १८८२मध्ये ‘द परफेक्ट वे’ हे पुस्तक आलं. सांगणं असं की बायबलच्या कथा इतिहास नाहीत, त्या आत्म्याच्या प्रवासाच्या खुणा आहेत, पाद्र्यांनी त्यांचा खरा अर्थ हरवला आहे, आणि तो अंतर्ज्ञानाने कळतो. परमेश्वराच्या ठायी स्त्रीतत्त्वही आहे, असं त्यांनी ठासून सांगितलं. पुरुषी चर्चसमोर हे बोलणं धाडसाचंच होतं, ते आम्ही नाकारत नाही.

त्या वेळी थिऑसॉफिकल सोसायटी जोरात होती. ब्लाव्हाट्स्की आणि कर्नल ऑल्कॉट यांनी ती १८७५मध्ये न्यूयॉर्कला काढली, १८७९मध्ये मुंबईत आणली आणि पुढे मद्रासजवळ अड्यारला नेली. १८८३मध्ये ॲना किंग्सफर्ड तिच्या लंडन शाखेच्या अध्यक्षा झाल्या. वर्षभरातच भांडण लागलं. अलाहाबादच्या ‘पायोनियर’चे माजी संपादक सिनेट लंडनला परतले होते. त्यांचा दावा होता की तिबेटातले अदृश्य महात्मे आपल्याला पत्रं धाडतात. बाईंचं म्हणणं होतं की तिबेटी महात्मे कशाला, पश्चिमेची स्वतःची गूढविद्या आहे. शेवटी १८८४मध्ये त्या बाहेर पडल्या आणि त्यांनी हर्मेटिक सोसायटी काढली.

भांडण कशावरून होतं ते बघा. एक म्हणतो माझ्याकडे महात्म्यांची पत्रं आहेत, दुसरी म्हणते मला दृष्टांत होतात. तिसऱ्या कुणाला दोहोंपैकी एकही तपासता येत नाही. पॅरिसमध्ये याच बाई प्रबंध घेऊन परीक्षकांपुढे उभ्या राहिल्या होत्या, म्हणजे मी सांगते ते तपासा, चूक असेल तर दाखवा, असं म्हणत होत्या. त्याच जोरावर त्यांनी शारितेच्या त्या वही मिटणाऱ्या डॉक्टरला हरवलं. हर्मेटिक सोसायटीत त्यांनी हे हत्यार खाली ठेवलं. पुरावा हे दुबळ्याचं हत्यार आहे. ‘मला दिसलं’ हे सत्ताधाऱ्याचं हत्यार आहे. ऋषींना मंत्र ‘दिसले’ म्हणूनच वेद अपौरुषेय ठरले आणि प्रश्न विचारणारा पाखंडी ठरला.

शेवट तर आणखी बोलका आहे. बाईंच्या मृत्यूनंतर मेटलँड यांनी १८९६मध्ये त्यांचं मोठं चरित्र छापलं आणि मूळ रोजनिशी, कागदपत्रं नष्ट केली. ज्या बाईने आयुष्यभर आपला आवाज ऐकवण्यासाठी झगडा केला, ती आज आम्हाला भेटते ती एका पुरुषाने निवडलेल्या ओळींतून. गूढविद्येत शेवटी किल्ली कुणाच्या तरी खिशात जाते.

तीच कल्पना, दोन समाज

ॲना पुनर्जन्म मानत. माणूस अधोगतीला गेला तर प्राण्याच्या जन्मातही जाऊ शकतो, असंही त्या मानत. त्यांच्यासाठी ही कल्पना करुणेची होती : त्या कुत्र्यात माझ्यासारखाच जीव आहे, त्याला फाडू नका.

आता हीच कल्पना आमच्या मातीत बघा. छांदोग्य उपनिषदात सांगितलंय की चांगल्या आचरणाचे लोक ब्राह्मण, क्षत्रिय, वैश्यांच्या पोटी जन्मतात आणि वाईट आचरणाचे कुत्र्याच्या, डुकराच्या किंवा चांडाळाच्या. कुत्रा, डुक्कर आणि चांडाळ एका ओळीत. लंडनमध्ये ज्या कल्पनेने कुत्र्याला माणसाच्या जवळ आणलं, तिनेच इथं माणसाला कुत्र्याच्या रांगेत बसवलं. कल्पना हवेत राहत नाही. समाजात सत्ता कुणाकडे आहे, त्यावर ती कुणाच्या कामी येते ते ठरतं.

शाकाहाराचंही तसंच. किंग्सफर्ड बाईंचा शाकाहार मांसाने भरलेल्या श्रीमंती मेजाविरुद्धचं बंड होतं. आपल्याकडे तो सोवळ्याचा कुंपणकाटा आहे. कुणाला भाड्याने घर द्यायचं आणि कुणाला नाही, हे आजही ताटावरून ठरतं. बाबासाहेबांनी १९४८च्या ‘द अनटचेबल्स’मध्ये गोमांस आणि अस्पृश्यता यांचा संबंध उलगडून दाखवला, तो याचसाठी. गांधींनी बाईंचं पुस्तक वाचलं आणि आपला जन्मजात वैष्णव आहार त्यांना विज्ञानसंमत वाटू लागला. तिकडचं बंड इकडच्या परंपरेचं प्रमाणपत्र झालं.

थिऑसॉफीचंही भारतात हेच झालं. न्यायाने सांगायचं तर ऑल्कॉट यांनी १८९४पासून मद्रासकडे अस्पृश्य मुलांसाठी मोफत शाळा काढल्या, आणि १८९८मध्ये पंडित अयोती दास यांना बौद्ध धम्माच्या वाटेवर त्यांची मदत झाली. ते ऋण मान्य. पण त्याच सोसायटीच्या ॲनी बेझंट यांनी १९०९ साली लेख लिहून प्रतिपादन केलं की अस्पृश्यांच्या मुलांना स्वच्छ सवयी लागेपर्यंत त्यांना वरच्या जातींच्या मुलांशेजारी बसवू नये, कारण तो त्या मुलांवर अन्याय होईल. बाबासाहेबांनी ‘काँग्रेस आणि गांधींनी अस्पृश्यांसाठी काय केलं’ या १९४५च्या ग्रंथात हा लेख मुद्दाम सविस्तर दिला आहे. विश्वबंधुत्वाची भाषा करणारी संस्था शाळेच्या बाकावर येऊन अडली. तो शारितेचा डॉक्टरही शेजारच्या बाकाबद्दलच बोलत होता.

तथागतांची उघडी मूठ

सिनेट यांच्या ज्या पुस्तकावरून ते भांडण पेटलं, त्याचं नाव होतं ‘एसॉटेरिक बुद्धिझम’, गूढ बौद्धधर्म. १८८३चं पुस्तक. किंग्सफर्ड बाईंनी त्याला विरोध केला, पण त्यांचा विरोध ‘बौद्ध’ या शब्दाभोवती फिरत होता, ‘गूढ’ या शब्दाला नव्हता. आमचा विरोध नेमका उलटा आहे.

महापरिनिब्बाण सुत्तात आजारातून उठलेले तथागत आनंदाला सांगतात की त्यांनी धम्म शिकवताना आतला आणि बाहेरचा असा भेद केला नाही. काही राखून ठेवणारी आचार्याची बंद मूठ त्यांच्यापाशी नाही. ज्या धम्माचा प्रवर्तक मरणाच्या दारात उभा राहून हे सांगतो, त्या धम्माला ‘गूढ’ म्हणणं ही त्याची विटंबना आहे.

बाबासाहेबांनी हेच सूत्र धरलं. ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’मध्ये त्यांनी पूर्वजन्मीच्या कर्माचा सिद्धांत निकालात काढला. माणसाची आजची दुरवस्था मागच्या जन्मावर ढकलली की समाज आणि राज्य जबाबदारीतून मोकळे होतात, हे त्यांनी ओळखलं होतं. अहिंसेचंही त्यांनी आंधळं व्रत केलं नाही. मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत फरक केला आणि निर्णय माणसाच्या प्रज्ञेवर सोपवला. बावीस प्रतिज्ञांत प्राणिमात्रांविषयी दया आहे, ताटाची सक्ती नाही.

आणि त्या प्रतिज्ञा कशा घेतल्या गेल्या? ब्लाव्हाट्स्कींनी १८८८मध्ये आपला ‘एसॉटेरिक विभाग’ काढला, त्यात शिरताना गुप्ततेची शपथ घ्यावी लागे. १४ ऑक्टोबर १९५६ला नागपुरात शपथ झाली ती उघड्या मैदानावर, लाखोंच्या मुखाने, मराठीत, साऱ्या जगाला ऐकू जाईल अशी. त्याआधी १८७३मध्ये जोतीराव फुल्यांनी सत्यशोधक समाज काढला, तोही मधल्या दलालाशिवाय सत्य शोधण्यासाठी. थिऑसॉफिकल सोसायटीच्या दोन वर्षं आधी. सत्य शोधायला दोघेही निघाले, पण एकाने शाळेचं दार उघडलं आणि दुसऱ्याने आतल्या खोलीला पडदा लावला.

आज

तरुण मित्रांनो, हा इतिहास आम्ही आज का मांडतो? कारण बंद मुठीचा बाजार संपलेला नाही. ‘ऊर्जा’, ‘कंपनं’, ‘मागच्या जन्माची थेरपी’ विकणारे आमच्या वस्त्यांतही शिरलेत. विपश्यनेच्या नावाखाली चमत्कार सांगणारे भेटतात, बाबासाहेबांच्या फोटोशेजारी ग्रहताऱ्यांचं यंत्र लटकवणारेही भेटतात. त्यांच्यात शिकलेले आहेत, डॉक्टर-इंजिनिअरही आहेत. पदवी माणसाला अंधश्रद्धेपासून आपोआप वाचवत नाही, याचा पुरावा म्हणून ॲना किंग्सफर्ड पुरेशा आहेत.

म्हणून या बाईंकडून काय घ्यायचं आणि काय सोडायचं, ते नीट ठरवू. वही मिटली तरी पुढे होऊन ‘माझं नाव लिहा’ म्हणण्याची हिंमत घ्या. मुक्या जिवाच्या वेदनेने अस्वस्थ होणं घ्या. जे तपासता येत नाही त्याला सत्य म्हणणं सोडा, मग ते सांगणारा कितीही दयाळू असो. प्रज्ञा, शील, करुणा हा क्रम बाबासाहेबांनी उगाच सांगितला नाही. प्रज्ञेशिवायची करुणा शाप देत बसते आणि पावसात भिजून मरते.

पुढच्या वेळी कुणी तुम्हाला म्हणेल की हे ज्ञान सर्वांसाठी नाही, तुमची अजून तयारी झालेली नाही, तेव्हा त्याला एवढंच सांगा : हे वाक्य आम्ही तीन हजार वर्षं ऐकलंय. मूठ उघडा, आत काय आहे ते दाखवा.

जय भीम! नमो बुद्धाय!